आबांचे दात आणि डोक्याचा करंट

तर सर्व लहानथोरांना गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या आबांच्या तोंडात सगळेच्या सगळे दात शाबूत होते. हसू नका, लिहून घ्या. ह्या दातांपायीच माझी इज्जत गेल्ती.

आम्ही मूळचे धावड्याचे. एक्क्याऐंशीला मी जुन्या जालन्यात कापडदुकानात लागलो, गादीवर बसून थानं उलगडता उलगडता इथलाच झालो. पुढं लई वर्षांनी आई गेली, तवा आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, इकडं आणलं. जल्मभर औतामागं चाललेला माणूस, पण इथं आला अन् ओट्यावर बसला तो बसलाच. शुगर निघाली, गुडघे आखडले. डॉक्टर म्हणले, रोज चाला, न्हाईतर अंथरूण धराल. आबा दोन दिवस चालायचे, तिसऱ्या दिवशी म्हणायचे, बिनकामाचं फिरायला मी काय सुटलेलं जनावर हाय का?

मंग औरंगाबादच्या एक डॉक्टरीणबाई म्हणल्या, आम्ही म्हाताऱ्या माणसांवर एक नवीन करून पाहून राह्यलो, कपाळाला ओला स्पंज लावून अगदी हलका करंट द्यायचा अन् चालायला लावायचं. त्यानं व्यायाम टिकतो का ते बघायचंय, खात्री न्हाई. आबा एका पायावर तयार. अन् मी? काय सांगू तुम्हाला, मला घाम फुटला. आमच्याकडं डोक्याला करंट म्हणलं की एकच अर्थ, माणूस येडा झाला. त्यात लेक लग्नाची. येड्याच्या नातीला कोण करून घेणार? मंग मी गल्लीभर सांगून टाकलं, आबांना कवळी बसवायला नेऊन राह्यलो. दर आठवड्याला कवळी! लोक विचारायचे, अहो, तोंड हाय का गिरणी?

आबा मात्र चालायला लागले. करंटानं म्हणा, का डॉक्टरीणबाई पाठ थोपटायच्या म्हणून म्हणा, पण चालले.

तेवढ्यात घनसावंगीची मंडळी लेकीला बघायला आली. मुलगा, त्याचे वडील, अन् त्या दोघांच्या खांद्यावर भार देऊन आलेले आजोबा. संगं घरच्या उसाची मोळी. शेजारच्या काकू आगाऊ, म्हणल्या, आबांना ऊस नका देऊ, त्यांची कवळी नवी हाय. आबांनी काकूंकडं पाह्यलं, ऊस उचलला अन् कराकरा दातानं सोलला. मुलाचे वडील म्हणले, कवळी मोठी मजबूत हाय हो! आबा म्हणले, कशाची कवळी? मी डोक्याला करंट घ्यायला जातो, तवापासून रोज तळ्यापर्यंत जाऊन येतो. मंग माझ्याकडं वळले अन् हळूच म्हणले, म्हणजे गल्लीत तू मला बोळका केलं? माझी लाज वाटली व्हय रे तुला?

मला वाटलं, खालच्या सतरंजीत गुंडाळून मला कुणी उचलून नेलं तर बरं.

लेक आज घनसावंगीत नांदून राह्यली, सुखात हाय, देव तिला तसंच ठेवो. आबा गेले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला न्हाई, म्हणूनच दारी ऊस आला की आजबी माझी मान खाली जाते. अन् सोयरीक जुळली ती काही माझ्या हुशारीनं न्हाई. मुलाचे आजोबा मघापासून आबांच्या पायांकडं टक लावून बघत होते, ते एकदम सगळ्यांदेखत ओरडले, पोरीचं मागून बघू, आधी मला त्या करंटाला न्या!