बुरमाचा आवाज

बेगायीम : चहा राहू द्या. माझ्या ध्वनिफिती तुम्हाला कशाला हव्यात, ते आधी सांगा.

तीलेक : एजे, बसा तरी. मोठ्या बहिणीच्या जागी आहात तुम्ही मला. इतिहास, भाषा, लोकगीतं अशा विषयांवर काम करणाऱ्यांना निधी मिळवून द्यायचा, त्यांचं काम लोकांपर्यंत न्यायचं, म्हणून तर विद्यापीठाने हा कक्ष उघडलाय.

बेगायीम : इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. आत्ताच कसा उमाळा आला?

तीलेक : उमाळा कसला! मला त्याचाच पगार मिळतो.

बेगायीम : आणि अर्जावर पहिलं नाव उपकुलगुरूंचं असणार.

तीलेक : तुमचं आहे. हे बघा.

बेगायीम : आज आहे. मागे एका साहेबांनी माझा प्रबंध नुसता वाचायला म्हणून नेला. पुढे त्यांचं पुस्तक निघालं. आभारात माझं नाव होतं, तेही चुकलेलं.

तीलेक : मी ते साहेब नाही.

बेगायीम : तेही असंच गोड बोलायचे. आणि हे काय? 'कोशोक गाणाऱ्या स्त्रियांचा रंगमंचीय कार्यक्रम'? अहो, घरात मयत असताना बायका कोशोक म्हणतात. आक्रोश असतो तो! टाळ्या कधी वाजवायच्या तेही ठरवलंत का?

तीलेक : कार्यक्रमाची कल्पना माझी नाही. झुराकान आपांची आहे.

बेगायीम : कोचकोर गावच्या? माझ्या पाठीमागे त्यांना गाठलंत?

तीलेक : त्यांनीच नातीकडून फोन लावून घेतला. थांबा, तुम्हीच बोला.

(तीलेक फोन लावून आवाज मोठा करतो.)

झुराकान आपा : कोण, तीलेक? गाय दोहतेय रे. लवकर बोल.

बेगायीम : आपा, मी बेगायीम.

झुराकान आपा : अगं बाई! जिवंत आहेस होय!

बेगायीम : आपा, यांनी तुमच्यावर दबाव आणला का? खरं सांगा.

झुराकान आपा : माझ्यावर? माझ्या नवऱ्याला जमलं नाही ते!

बेगायीम : मग कोशोक रंगमंचावर म्हणायला...

झुराकान आपा : रंगमंचावर कोण मेलंय? मी गाते म्हटलंच नाही. त्या फिती आम्हाला ऐकवा म्हटलं.

बेगायीम : तीलेक, मग रंगमंच कुठून आला?

तीलेक : तो... मी घातला. तसं काही असल्याशिवाय निधीवाले अर्ज उघडूनही बघत नाहीत, एजे.

बेगायीम : वाटलंच मला!

झुराकान आपा : त्याला मग झाप. पोरी, तू आमच्या बुरमाचा आवाज फितीत भरून नेलास ना? ती गेली गं या हिवाळ्यात. तिच्यासाठी कोशोक म्हणायला बसले, तर तिने स्वतःच्या आईवर रचलेले शब्दच आठवेनात. बायका म्हणतात, शहरातल्या बाईने ते परदेशात विकले.

बेगायीम : विकले? आपा, मी कुलूप लावून ठेवलेत. भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून.

झुराकान आपा : आम्हीही भलतेच का?

(बेगायीम अर्ज स्वतःकडे ओढून घेते.)

झुराकान आपा : मी तुझीच बाजू घेते हो. पण हल्ली भांडायला पहिल्यासारखा जोर राहिला नाही.

बेगायीम : तीलेक, रंगमंच खोड. 'कोचकोरच्या सभागृहात, गावकऱ्यांसाठी' असं लिही. ऐकून ते हो म्हणतील तेवढंच बाहेर जाईल.

तीलेक : निधी मिळायचा नाही अशाने.

बेगायीम : तरी लिही. आपा, मी निधीची वाट बघत नाही. उद्याच फिती घेऊन निघते. मला तुम्हाला बरंच सांगायचंय.

झुराकान आपा : ये. पण आधी बुरमाला बोलू दे. तुझं काय ते मग सांग.