रुवैसचे पाठकोरे कागद

नाही गं, तो नको, तो वीजबिलांचा गठ्ठा – निळ्या नाडीचा घे, त्यात आहेत काकांची भाषणं. हो, एवढी सगळी. घाबरलीस ना? मंडळाला म्हणावं, एका पुस्तकात मावायची नाहीत, खंड काढा खंड! बस अशी खालीच, अनन्या, सतरंजीवर. उजेड येतोय ना मोबाइलवर स्कॅन करायला? काका गेलेत करामाला, टेलरकडे. सत्काराचा कोट पोटावर बसेना. नुसता सैल करायचे साठ दिराम मागतोय मेला – म्हणजे चौदाशे-पंधराशे रुपये झाले की गं, पुण्यात तेवढ्यात – जाऊ दे. डिस्कव्हरी गार्डन्सपासून करामा म्हणजे मेट्रोनं जाऊन येईपर्यंत आपलं निम्मं काम उरकेल. तेही टेलरला भाषण दिलं नाही तर. देतीलच म्हणा.

काय विचारलंस? हां, तो. काकांचा रोमन. अगं, दोन हजार वर्षांपूर्वीचा वक्ता, राजकारणीही होता. नाव नाही घ्यायची मी त्याचं. नवऱ्याचं घेते – प्रकाश, घेतलं बघ – पण सवतीचं कोण घेतं? प्रत्येक भाषणाची सुरुवात त्याच्यापासून. गणपती असो, कोजागिरी असो, कुणाच्या पोराची मुंज असो – 'रोममध्ये एक थोर वक्ता होऊन गेला.' पण हा रोमन ह्यांना दिला कुणी? मी! एम.ए. हिस्टरी कोणाचं? माझं. हे मेकॅनिकलवाले. लग्न ठरल्यावर सारसबागेत बसलो होतो, मी आपली उत्साहानं सांगतेय – त्याची भाषणं, त्याची पत्रं – आणि हे भेळ खातायत. मला वाटलं, लक्षच नाही. होतं! पुढच्याच महिन्यात ऑफिसात कुणाचा निरोप समारंभ होता, तिथे सगळं जसंच्या तसं. भेळेचा उल्लेख तेवढा गाळला.

तसे दोघं शोभतात एकमेकांना, खोटं कशाला बोलू. त्या रोमननं एकदा एक खटला चालवला, भोवती सैनिक उभे, ह्याची घाबरगुंडी, भाषण पार फसलं – अशील गेला हद्दपारीला. मग ह्यानं काय करावं? घरी बसून तेच भाषण झक्कपैकी लिहून काढलं आणि लोकांत वाटून टाकलं! आज जगात ते उरलंय, फसलेलं नाही. आता हे बघ काकांचं. ह्या भाषणाला माईक बंद पडला, ह्यांचं तत-पप झालं, लोक उठून बटाटेवड्यांकडे गेले. आणि कागदावर काय लिहिलंय? वाच ना – कंसात 'टाळ्या'. पुढे पुन्हा 'प्रचंड टाळ्या'. तसंच्या तसं छाप हं, अक्षर गाळू नकोस!

आणि पत्रं म्हणशील तर त्या रोमनची शेकड्यांनी उरलीत. एका मित्राला तर इतकी की विचारू नकोस – घर, राजकारण, मुलगी गेली त्याचं दुःख, सगळं. आणि मित्राची उत्तरं? एक नाही. बायकोलाही लिहिलीत, 'माझ्या जिवा' वगैरे. तिची उत्तरं? तीही नाहीत. आपण आपलं ह्याच्या पत्रावरून ओळखायचं, तिनं काय विचारलं असेल ते. पुढे म्हातारपणी तिला सोडलंन्, ते वेगळंच. नाही, काका नाही सोडायचे, काकांना चहा कोण देणार? मला सांगायचंय ते निराळं. लग्नानंतर हे इकडे आखातात, रुवैसला, रिफायनरीत. कॅम्पातली नोकरी, बायको आणायची सोय नाही. मी पुण्यात, सासूबाईंपाशी. ह्यांची पत्रं यायची, ती सगळी आहेत माझ्याकडे – साडीच्या खोक्यात, तारीखवार. आणि माझी ह्यांच्याकडे? मी एकदा विचारलं, तर म्हणाले, 'अगं शोभना, कॅम्पात कपड्यांना जागा नाही, कागद कुठे ठेवू?' खलास.

त्यातलं एक तर पोचलंच नाही. ती गोष्ट तुला माहीतच असेल, काका महिला दिनाला सांगतात ना दर वर्षी? बायका पदर लावतात डोळ्यांना. हो, तीच. मला कॉलेजात इतिहास शिकवायला बोलावलं होतं. पर्मनंट. महिन्याभरात कळवा म्हणाले. मी ह्यांना लिहिलं – घेऊ का? तिकडे यायचं लांबेल, पण माझ्या मनात फार आहे, तुम्ही हो म्हणालात तर घेते. फोन? केला ना. कॅम्पात एकच फोन, सगळ्यांची रांग, मिळालेली तीन मिनिटं सासूबाईंनीच संपवली, त्यातलं एक लोणच्यावर. उत्तराची वाट बघितली, बघितली – मग ओळखलं की राग आलाय, म्हणून गप्प आहेत. कॉलेजला नाही म्हणून कळवलं. पुढे अबुधाबीला घर मिळालं, आले मी इकडे. आणि विमानतळावर हे म्हणतात, 'पत्र? कुठलं पत्र? मिळालं असतं तर डोळे मिटून हो म्हटलं असतं गं!' रडले. खरंच रडले. तेव्हापासून मी पोस्टाला शिव्या घालते. आमची इरा म्हणते, 'ममा, लेट इट गो.' तिला काय जातंय.

आता काय झालं? मागं लिहिलंय? असणारच गं. काकांची ती सवयच – पाठकोरा कागद टाकायचा नाही. तुमच्या घरी नव्हतं? आमच्याकडे लग्नपत्रिकेच्या पाठीवर वाण्याची यादी व्हायची. रोमनचंही तेच, ऐक गंमत – राज्य कसं चालवावं ह्यावर त्याचं पुस्तक होतं, ते हरवलं. हरवलं कसलं! चामड्याची पानं महाग, म्हणून कुणीतरी त्याची अक्षरं खरवडली आणि वर स्तोत्रांचा अर्थ लिहिला. कित्येक शतकं लोक वरचंच वाचत होते. दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं की खाली आणखी कुणी बोलतंय. तर तसं. काकांच्या मागं असेल पंपाचा हिशेब नाहीतर – बाईचं अक्षर? दे बघू. चष्मा कुठे – हां.

हे माझं अक्षर आहे.

थांब. मोबाइलचा उजेड धर इकडे.

'... पर्मनंट आहे. महिन्याभरात कळवायचंय. माझ्या मनात फार आहे ...' हे, अगं, हे तर – आणि ही बघ वर तारीख आहे. ही घडी बघ, पाकिटाची. उघडलेलं. वाचलेलं. इथे समासात ह्यांची पेन्सिल – 'उत्तर सावकाश'. सावकाश! आणि पलीकडच्या बाजूला काय? वाच तू, मला दिसत नाहीये नीट. मोठ्यानं वाच. – 'महिला दिन, रुवैस कॅम्प. रोममध्ये एक थोर वक्ता होऊन गेला' – पुढे? – 'मित्रहो, स्त्रीला तिचा निर्णय घेऊ द्या.' वा! कॅम्पात सगळे बाप्ये, बाई औषधालाही नाही, आणि ह्यांचं महिला दिनाचं भाषण! माझ्या पत्राच्या पाठीवर! कंसात टाळ्या आहेत का गं? आहेत ना? असणारच.

नाही, रडत नाहीये. हसतेय. पाणी नको. मला सांग, नुसतं 'नको' लिहिलं असतं तरी चाललं असतं ना? भांडले असते, रुसले असते – किंवा घेतलीही असती नोकरी, कोण जाणे. पण हरवलं म्हणाले. आणि वर्षानुवर्षं स्टेजवर उभं राहून, माझ्याकडे हात करून, मला हरवलेलं पत्र करून टाळ्या घेतल्या. आणि मी पहिल्या रांगेत. मीसुद्धा पदर लावायची गं डोळ्यांना!

काय म्हणालीस – मागची बाजू क्रॉप करता येते? हो, येत असेलच. मंडळही तेच म्हणेल, काकू, कशाला उगाच, सत्काराचं वर्ष आहे. नाही. कर स्कॅन. ही बाजू आधी. एका पानावर हे, समोरच्या पानावर त्यांचं. कंसात काही घालू नकोस. नाही छापलंत तर एकही भाषण मिळणार नाही, नाडी बांधून ठेवते मी गठ्ठ्याला. झालं? नीट आलं? अक्षर दिसतंय ना?

बेल वाजली. तेच. किल्ली असून बेल वाजवतात, कुणीतरी दार उघडायला यावं लागतं. तू नीघ आता. लाडू घे जाताना, डब्यातला – अगं घे, आणि जा, यल्ला, मागं वळून बघू नकोस. हा कागद राहू दे माझ्याकडे.

या. झाला का कोट सैल? बसा. चहा नंतर. आधी बसा – तुमचं पत्र आलंय.