गुरुवारी तापणारी गाडी

—नाही नाही नाही, झाकणाला हात नका लावू, फान सर! आत सगळं उकळतंय, तोंडावर उडेल. तासभर तरी निवू दे. बसा हो, चहाचं पाणी ठेवलंय — तुमच्यासाठी म्हणून नाही, इथे तैवानात, आमच्या चियायी शहरात, गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाला चहा पाजायचाच असतो, नुसती हवा भरायला आलेल्यालाही मी पाजते. हा उलाँग चहा जरा वरच्यातला आहे. तोही सगळ्यांसाठीच. म्हणजे — गुरुवारी जे येतात त्या सगळ्यांसाठी.

तर पाणी जातंय कुठं? इंजिन गार ठेवायचं पाणी मी काठोकाठ भरून देते आणि आठवड्यात अर्धं गायब! सहावा गुरुवार हा. खाली थेंब नाही. नळ्या बदलल्या, रेडिएटरला दाब देऊन पाहिला — काटा हलला नाही. पंप कोरडा. तुमच्या पायाखालचं कार्पेट उचलून हुंगलं — हसू नका, त्या पाण्याला गोडसर वास असतो — तर तिथे नुसते भुईमुगाचे दाणे. पाणी आत जळतंय म्हणावं तर धूरही पांढरा नाही. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून, आपल्याकडची रीतच ती, इंजिनावर कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवला, तोही तारीख बघून, शिळा ठेवला तर यंत्र उलटं रुसतं. आता एकच राहिलं — इंजिन खोलायचं. चार दिवस गाडी इथे.

दचकलात का एवढे? मला खोलायलाच हवं हो. आमचे हे गेल्यापासून दीर या गॅरेजवर टपलाय — ‘वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही, तिथे सरबताचं दुकान टाकू.’ परवा रागाच्या भरात बोलून बसले त्याला — फान सरांच्या गाडीचा बिघाड महिनाअखेरपर्यंत सापडला नाही तर किल्ल्या तुझ्या. माझी जीभ मेली! आज तीस तारीख. वीस वर्षं यांच्या हाताखाली शिकले ते सगळं वायाच की काय, असं वाटतं. गेल्या गुरुवारी तुमच्या रेडिएटरवर वाकून, तुमच्या नकळत रडलेसुद्धा. हे सांगायचं नव्हतं खरं तर.

असो. खोलायच्या आधी शेवटचा उपाय. गेल्या गुरुवारी मी पाण्यात गुपचूप एक रंग घातलाय. एरवी दिसत नाही, पण या जांभळ्या दिव्याखाली चमकतो — जिथून गळलं तिथे डाग. शटर जरा खाली ओढते, अंधार हवा. हां. नळी — काही नाही. पंप — काही नाही. पाण्याच्या टाकीचं झाकण — अगं बाई, इथे चमकतंय! बोटांचे ठसे? माझे कसे असतील, मी तर हातमोजे घालते. जरा दिवा धरा हो सर. — नको? हात मागे का नेलात? दाखवा बघू. दाखवा म्हणते ना!

नखांत. बाहीवरसुद्धा. कशाने उपसलंत, औषधाच्या पिचकारीने? आज सकाळीच ना? जन्मभर पोरांना भूगोल शिकवलात आणि एवढी अक्कल नाही? घाटात इंजिन जाम झालं असतं म्हणजे? कुठे शोधलं असतं मी तुम्हाला? इथे माझं दुकान जायची वेळ आली, आणि तुम्ही मुकाट्याने चहा पीत बसलात दर वेळी! आणि यायचंच होतं तर टायरला खिळा मारायचा होता, पंक्चर काय, दहा मिनिटांत —

हो. दहा मिनिटांत होतं पंक्चर.

आणि तापलेलं इंजिन निवायला तास लागतो.

नका बोलू काही. आधी दिराला फोन करू दे. — हॅलो, मी वहिनी. सापडला बिघाड. कुठे म्हणजे? बाहेरून होता. इंजिन ठणठणीत आहे. हो, दुकानही. ठेव.

उठा आता. शटर वर करा, लोक काय म्हणतील! तो साबण तिथे, नखं घासून काढा. गाडीत मी पाणी भरते, निवली की घेऊन जा, आणि त्या टाकीला पुन्हा हात लावलात तर याद राखा. आणि पुढच्या गुरुवारी —

बसने या.