मागच्या खोलीतलं मशीन

नाही, तिथं नको ताई, ती खुर्ची डुगडुगते — इकडे बसा, माझ्या जागेवर, मी उभाच बरा. तर कॉम्प्युटर बघायला तुम्हाला बोलावलं ते यासाठीच. दिसतंय ना? आमच्या दोघांचा हा सामायिक फोल्डर, नक्षीच्या फाइली ठेवतो तो — त्यात आज सकाळी हे नाव आलंय. कोरणीच्या मशीनचं. आता मशीन कुठंय? मागच्या खोलीत, धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरला जोडलेलं. पाट्या, ढाली, पदकं, सगळ्यांवरची अक्षरं तेच कोरतं. आणि नाव इथं, माझ्यासमोर. बरं, आलंय तर आलंय, त्यावर काम पाठवून बघू म्हटलं — थांबा, चष्मा कुठं ठेवला — हं, वाचा. 'परवानगी नाही.' मालक कोण? मी. पासवर्ड कुणाचा टाकला? मालकाचाच. तरी परवानगी नाही, माझ्याच दुकानात. दाखवायचं आणि हात लावू द्यायचा नाही, याला काय म्हणतात, तुम्हीच सांगा.

जाऊ द्या, मीच सांगतो. पाणी कुठंतरी मुरतंय. सख्खा भाऊ आहे, पण आतल्या गाठीचा — लहानपणापासून, बोलणार काही नाही, करायचं ते करून मोकळा. पुढे गिऱ्हाईक मी बघायचं, मागे मशीन त्यानं, चांगलं चाललं होतं. मग भावजय कुठंतरी म्हणाली म्हणे, की नाव पुढच्याचं होतं आणि राबतो मागचा. मी नाही ऐकलं, मला सांगितलं कुणीतरी. कुणी, ते राहू द्या. त्यावरून वाजलं आमचं, तेव्हापासून आम्ही बोलत नाही, फाइली तेवढ्या ये-जा करतात. आज संध्याकाळी वकील येणार आहेत, दुकान वेगळं करायचंय, मधे भिंत घालायची — आणि नेमकं आज हे नाव. धाकटा दारात उभा राहून म्हणतो, "दादा, दिसतंय का बघ." मी म्हटलं, दिसतंय. बस्स. खिजवायला आला होता, दुसरं काय. संध्याकाळी वकिलासमोर म्हणायला मोकळा, की मी तर मशीन दिलं होतं, दादालाच चालवता येईना.

काय टाइप करताय? मला विचारल्याशिवाय काही बदलू नका हं. परवानग्या? बरं, दाखवा. म्हणजे त्यानं सगळ्यांना मोकळीक ठेवलीय? वाचायची, लिहायची, दोन्ही? नीट बघा, तो हुशार आहे... बघितलं? मग अडवतंय कोण? — हा? हा माझा कॉम्प्युटर?

मी काही केलेलं नाही. मला कुठं येतं त्यातलं. म्हणजे — तुमच्या आधी एक दाढीवाला यायचा, त्याला मी... विशेष काही नाही हो. भांडण झालं त्याच आठवड्यात बोलावलं होतं, धाकटा बाहेर गेलेला बघून. म्हटलं, मागच्या खोलीतून येईल त्यावर भरवसा ठेवायचा नाही. फाइली येऊ देत, पण यंत्रबिंत्र म्हणून काही आलं तर ते उघडायचंच नाही. त्यानं या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये कुठंतरी एक शब्द टाकला आणि म्हणाला, काका, निर्धास्त राहा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, यात गैर काय? — हाच तो शब्द? अजून आहे इथं?

मग काढून टाका, एवढं काय त्यात. काढूनही नाही चालणार? असं कसं... सावकाश सांगा. नाव त्याच्याकडून आलेलं, पण ते उघडलं की माझा कॉम्प्युटर यंत्र शोधणार ते माझ्याच टेबलावर, मागच्या खोलीत नाही? आणि इथं तर काही जोडलेलंच नाही. मग त्यानं हे ठेवलं कशाला? चुकला? त्याला वाटलं, नाव ठेवलं की मशीन पोचलं? एवढा शहाणा, आणि एवढं कळलं नाही त्याला. काय म्हणालात — गिऱ्हाईक सोडून दादाला सारखं मागे यावं लागू नये म्हणून? असं. आणि काम त्याच्या कॉम्प्युटरकडे पाठवलं की तो मशीनला देईल, तसं लावता येतं? आजच्या आज? फक्त त्यानं हो म्हणायला हवं. म्हणजे मशीन मला देत होता तो. वेगळं व्हायच्या दिवशी देत होता, खुळा. वाईट वाटतंय हो मला, खरंच. दारात उभा होता आणि मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. थांबा, मीच जातो मागे. वकिलांना काय, फोन करता येईल, आज येऊ नका म्हणून.

एक मिनिट. सारखं मागे यावं लागू नये म्हणून — हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यानं? म्हणजे माझ्याकडे यायच्या आधी तुम्ही मागे जाऊन आलात? मशीन तिकडे आहे, बघणं भाग होतं, हो, कबूल. पण आल्या आल्या बोलला नाहीत तसं. मी आपला बडबडतोय, दाढीवाल्याचंही सांगून बसलो, आणि तुम्ही ऐकून घेताय. सहज बोलला म्हणता? तो सहजच बोलतो, ताई. सहज बोलूनच माणसं आपल्या बाजूला करून घेतो. काम लावायचं तर त्याचा हो हवा — बघा, शेवटी किल्ली कुणाकडे राहिली?

तो शब्द राहू द्या तिथं. हो, आहे तसाच. उठा, झालं तुमचं काम — आणि मागच्या खोलीतून नको, इकडून जा, रस्त्याच्या दारानं.