दिग्रसच्या पारख्याची फेलोशिप

...अन् वरून शेठ मलेच म्हनते, "पेढे वाट मारोती, तुले फेलोशिप भेटली!" कायचे पेढे बाप्पा? तुमाले सांगतो, बावीस वर्सं दिग्रसच्या पुंडलिकराव शेठच्या जिनात, म्हंजे सरकी काढाच्या कारखान्यात, मी कापसाचा पारखी. गाडी आली का तिच्यातली सरकी दाताखाली धरायची, कट्ट वाजली तं कापूस सुका, दबली तं ओला. सरकी काढलेली रुई असली तं खालच्या ओठाले लावायची, गार लागली का समजलं, पानी हाय. माह्या तोंडून पान्याचा टक्का निघे तवा शेठचा भाव ठरे! फाटकाजवळ माही गादी, माहा तक्क्या, माहा पानाचा डबा... कलेक्टरले नसन अशी जागा होती राजेहो! अन् अशा मानसाले यायनं कॉलेजात धाडलं. काहून? म्हने देश पुढं न्याचा हाय.

झालं काय, सरकारनं अन् मुंबईच्या गिरनीवाल्यायनं मिळून योजना काढली. कॉलेजातला शास्त्रज्ञ वर्सभर कारखान्यात, अन् कारखान्यातला शास्त्रज्ञ वर्सभर कॉलेजात. यवतमाळाहून आले रसायनाचे प्रोफेसर उमाळकर, चष्मा पुसत पुसत. आता बदल्यात धाडाले आमच्या जिनात शास्त्रज्ञ कोन? इंजिनवाला नेमसिंग गेला तं जिन बंद. मुनीम गेला तं शेठच बंद. मंग उरलं कोन? शेठनं माह्याकडे पाह्यलं, फारमावर लिवलं 'शास्त्रज्ञ, मारोती', अन् म्हने, "जाय बिनघोर. वर्सभर बसून खाय. जागा तुहीच हाय!"

घरी सत्यभामा, म्हंजे आमची बायको, म्हने, "गादीवरून उठू नका. जो उठला त्याची गेली." मी म्हनलं, गप वो, शेठनं जबान देली, जागा माहीच हाय! तवा तिचं ऐकलं असतं तं आज तुमच्याम्होरं कायले बोंबलत बसलो असतो?

जायच्या आधी आठ दिवस उमाळकर माह्यापाशी बसले. "मारोतराव, आपलं ज्ञान अमूल्य आहे हो! सरकी नेमकी कोणत्या दाताखाली धरता?" लिवून घेतलं. "आणि रुई लावण्याआधी ओठ पुसता का?" तेबी लिवून घेतलं! बावीस वर्सांत मले कोनी 'राव' म्हनलं नव्हतं ना, मी पाघळलो. बापानं शिकवलेलं, जे पोटच्या पोरालेबी सांगतलं नव्हतं, ते सारं त्यायच्या वहीत ओतलं अन् एस्टीत बसलो.

कॉलेजात प्रिन्सिपल साहेबानं माहं धोतर पाह्यलं, पानानं रंगलेलं तोंड पाह्यलं. "आपणच ते... फेलो? बसा." बसलो तं म्हने, "तिथे नको, ती प्राध्यापकांची खुर्ची. तिकडे." तिकडे म्हंजे कुठं? रसायनवाल्यायकडे जागा नाही म्हनून जीवशास्त्राच्या खोलीत, स्टुलावर! इकडे बरनीत बेडूक, तिकडे बरनीत साप, मधात मी. त्यायच्यावर नावाची चिठ्ठी तरी होती! पोट्टे येत, माह्या डोळ्यावर फडकं बांधत, ओठाले रुई लावत, "ओ फेलो, किती टक्के?" मी सांगो, "आठ." मंग ते रुई भट्टीत वाळवत, तोलत, अन् तीन घंट्यानं आरडत, "आठच!" एका हरामखोरानं तं रुईच्या जागी ओला बेडूक लावला. मी म्हनलं, "ऐंशी!" खोली हासून हासून लोळली. सोसलं ना बाप्पा. काहून सोसलं? जागा माहीच हाय ना दिग्रसले!

तिसऱ्या महिन्यात गिरनीचे दोन साहेब आले, योजनेचं फळ पाहाले. संगं रुईच्या चार पुड्या, वर निस्ते नंबर, गाव नाही का मालकाचं नाव नाही. सारं कॉलेज जमलं. पहिली पुडी ओठाले लावली, "सात." दुसरी, "नऊ, पन शेतातलं दव हाय, लबाडी नाही." तिसरी लावली... अन् अशा गुदगुल्या झाल्या म्हनून सांगू! "साडेतेरा! गठान बांधाच्या आधी वजन वाढवाले पानी मारलं हाय. संध्याकाळी मारलं. मचूळ पानी, विहिरीचं... अरे, हे तं आमच्याच जिनाच्या मांगच्या विहिरीचं!" साहेब म्हने, "वा! पण इतकं एकसारखं पाणी मारतो तरी कोण?" आता सांगा, पारखी मानसाले कोनी असं विचारावं काय? मी छाती ठोकली, "म्या! माह्याबिगर असा हात कोनाचा असन?"

साहेबानं निस्तं पेनाचं टोपन काढलं अन् लिवलं.

आठ दिवसांत गिरनीनं शेठचा माल बंद केला, अन् माही फेलोशिपबी बंद. धावत दिग्रसले आलो तं शेठ फाटकातच उभा. "मारोत्या, बावीस वर्सं माहं मीठ खाल्लं, त्याचेबी टक्के सांगून आला काय रे?" मी म्हनलं, शेठ, तुमीच म्हनलं होतं ना, जागा तुहीच हाय! "हाय ना. कोन नाही म्हनते? पाहून घे." पाह्यलं. गादीच्या जागी टेबल, टेबलावर भट्टी, खुर्चीत उमाळकर. कॉलेजची नोकरी सोडून कायमचे आलते म्हने. एका शेतकऱ्याच्या गाडीतली सरकी घेतली, मी सांगतला त्याच दाताखाली धरली... कट्ट! आवाजबी माह्यावानीच काढला लेकानं.

मी शेठचे पाय धरले. तुमच्याम्होरं कायची लाज, धरले! गिरनीनं बंद केलेला माल परत कसा सुरू कराचा, ते उमाळकरनं आधीच शेठले शिकवलं होतं. मले पाहून म्हने, अन् 'राव' केव्हाच गळून पडलं होतं, "शेठजी, मारोतीला ठेवून घ्या. गिरणी साडेआठ टक्के चालवून घेते. उन्हाळ्यात रुई सहावर येते. वरचे अडीच भरायला सराईत हात लागेलच."

आता मी झारी घेऊन रुईवर फिरत राह्यतो. ते खुर्चीतून मोजते, "दोन... सव्वादोन... बस!" साडेतेरावर नेलं तवा ती चोरी होती, साडेआठवर नेलं तं प्रयोग! परवा तेच दोन साहेब आले. रुई हातात घेतली, उमाळकरचा हात गदागदा हलवला, म्हने, "कॉलेज आणि कारखाना एकत्र आले की हे असं सोनं होतं!" मी उभाच होतो बाजूले, वाटलं, वळखन एखादा. वळला ना साहेब! म्हने, "ए, जरा सरक, बुटावर पाणी उडतंय."

सरकलो. काय करता?