टाकीवरच्या आरशाबाबत

मी, भिंगरी म्हणून ओळखला जाणारा, वय २३, धंदा इंटरनेटची केबल ओढणे (त्याआधी बरेच काही), राहणार नदीपलीकडे मामांच्या घरी, पोलीस ठाण्यात समक्ष येऊन विचारल्यावरून सांगतो की,

इथे बसवून ठेवलेले इसम माझे सख्खे मामा आहेत. नव्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार आहे, की आज दुपारी मामांनी पाण्याच्या टाकीवरून खिडकीत मुद्दाम आरसा चमकवला. आरसा चमकवला हे खरे आहे. खिडकीसाठी नव्हे.

इंटरनेटची फायबर केबल पूर्वी टाकीपर्यंतच यायची. नदीवरून केबल नेता येत नव्हती, म्हणून मामांनी टाकीवर एक डिश बसवली आणि पलीकडे घराच्या गच्चीवर दुसरी. मधला पल्ला इंटरनेट हवेतून जाई. दोन्हींची तोंडे नेमकी समोरासमोर लागतात, नाहीतर पलीकडची सगळी घरे बंद. तेव्हा तिकडे मोबाइलला रेंज नसे. मग मामी गच्चीवरून पावडरच्या डबीतला आरसा उन्हात धरायची, मामा त्या चमकेवर डिश फिरवायचे आणि दाढीच्या आरशाने "जमलं" कळवायचे. वारा सुटला की पुन्हा तेच. संध्याकाळी मामी म्हणायची, "लग्नात बघितलं नव्हतं एवढं आज बघितलंत!" मी शाळा बुडवून तिथेच असायचो. शाळेचे इथे काम नाही.

मामी आता नाही.

गेल्या आठवड्यात नव्या पुलावरून फायबर थेट पलीकडे गेली. आज डिश उतरवायच्या होत्या. मामांनी डबी माझ्या हातात दिली. "गच्चीवर जा. एकदा चमकव, मग उतरवतो." मी म्हटले, "आता फोन लागतो की." ते म्हणाले, "सांगितलं तेवढं कर."

मी निघालो. पुलावर मासे धरणाऱ्याचा गळ अडकला होता, तो सोडवत बसलो. मग एकाच्या सायकलची चेन. तोवर मामा टाकीवरून इशारा करतच होते. त्यांचा हात अलीकडे थरथरतो, कवडसा बाजूच्या खिडकीत गेला असणार. वॉचमन सांगतो, बाई ओरडल्या, "या वयात हे धंदे?" मामा म्हणाले, "बाई, जरा थांबा, पलीकडून अजून आलं नाही." एवढ्यावरून त्यांना आणले.

मी गच्चीवर आरसा धरला तेव्हा टाकीवर कोणी नव्हते. तरी ऊन होते तोवर धरला.

उशीर माझा, त्यांचा दोष नाही. त्यांना सोडावे. डबी माझ्या खिशात आहे, ती जप्त करू नये. डिश अजून उतरवलेल्या नाहीत.

हवालदारांनी हे सगळे मोठ्याने वाचले. मासे धरणारा त्यांनी गाळला होता, तो मी परत घालायला लावला. आता मी सांगितले तसेच आहे. मामांनीही बाकावरून ऐकले. एवढेच म्हणाले, "उद्या तरी लवकर नीघ."