आमच्या हिने भीती कशी बसवली

नाही, पण मी म्हणतो, खालच्या मजल्यावरच्या सुलक्षणाबाईंनी मला लिफ्टमध्ये गाठून विचारावं, 'काय हो राऊळ, वहिनी जगाला घाबरवतात म्हणे?' ही काय माणसाची ओळख झाली? तीस वर्षं मुलुंडमध्ये सहदेव राऊळ म्हणून काढली, आता कोण, तर शेवंतीचा नवरा... तुम्हाला सांगतो, सगळं त्या गेममुळे.

आमची रुचिरा पवईला व्हिडिओ गेम बनवते. भुताचा. म्हणजे तुम्ही एका बंद इमारतीत अडकलेले, हातात बॅटरी, तिचे सेल संपत आलेले, आणि मागे ते लाळ गाळत... चार वर्षं पोरीने त्यात घातली, आणि ज्यांना खेळायला बसवलं ते हसले. हसले हो. साहेब म्हणाला, महिन्याभरात कोणी घाबरलं नाही तर गेम बंद. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही, तेव्हा आमची ही म्हणाली, 'माका दाखय.'

मी म्हटलं, अगं, तुला मोबाइलवर फोटो पुढे सरकवता येत नाही... पण ऐकतंय कोण? शनिवारी दुपारी गेलो पवईला. ते हेडफोन हिच्या अंबाड्यावर बसेनात, शेवटी अंबाडा सोडला. सिद्धेश, म्हणजे रुचिराचा साहेब, तो बटणं दाबत होता, ही बघत होती. भूत आलं धावत, किंचाळलं, मी खुर्चीसकट मागे सरकलो, खोटं कशाला सांगू... आणि ही? चष्मा पदराने पुसला आणि म्हणाली, 'त्यात भियासारख्या काय आसा?'

सिद्धेशने तळघरातलं दाखवलं, दोन तोंडांचं. 'त्यात भियासारख्या काय आसा? ता इला, दिसला, झाला.' साहेबाचा चेहरा हा एवढासा. रुचिराने हळूच विचारलं, 'मग आई, तू कशाला घाबरतेस?'

आणि ही बोलायला लागली. गिरणीचा संप, लग्नाला वर्ष झालेलं, लालबागची चाळ. मी एका मोर्च्यात पकडला गेलो, तीन दिवस पत्ता नाही, आणि ही दाराला कडी घालून एकटी, लाकडी जिन्यावरचं एकेक पाऊल ऐकत. म्हणाली, 'चपलांचो आवाज वर इलो, आमच्या दाराशी थांबलो. मी कडीयेर हात ठेवन उभी. भायलो बोलूक नाय, जावक नाय. आत इलो तर माणूसच आसता गो. थांबता, ताच भय.'

तुम्हाला सांगतो, मला हे तिने कधीच सांगितलं नव्हतं. मी सुटून आलो तेव्हा 'भात वाढू?' एवढंच विचारलं होतं, आणि मी मूर्ख, जेवलो, झोपलो. त्या दिवशी पवईत मी बराच वेळ नुसता एसीकडे बघत बसलो...

पुढच्या आठवड्यात भुताची किंकाळी गेली, लाळ गेली, दुसरं तोंडही गेलं. राहिलं एक दार, आणि बाहेर येऊन थांबणारी चप्पल. खेळणारे हेडफोन काढून टेबलावर ठेवायला लागले, एक दाढीवाला गडी म्हणाला, 'मला रिक्षापर्यंत सोडायला कोणीतरी या.' गेम निघाला, चालला, शेवटी नावं येतात ना, त्यात एका ओळीत एकटंच, 'भीती : शेवंती सहदेव राऊळ'. मी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. सात वेळा टाकला. हिला दाखवला तर म्हणे, 'त्यात नाचासारख्या काय आसा?'

आणि ती चप्पल कोणाची, विचारा ना. माझी. आवाज रेकॉर्ड करायला फळ्यांच्या जिन्यावर अकरा वेळा चढवलं मला, गुडघे गेले, वर तो सिद्धेश, 'काका, दाराशी अजून थोडं थांबा.' आज परदेशात माणसं माझ्या पावलांनी घामाघूम होतात... आणि घरी? काल बाजारातून आलो, दोन्ही हातांत पिशव्या, बेल दाबता येईना, दाराशी उभा राहिलो, एकदम भीतीदायक, चांगली पाच मिनिटं. आतून हिचा आवाज, 'ढकला, उघडाच आसा.'